बहात्तरवर बसलेला काटा

ताईंची वही हिशेबाची होती, लांबोडकी, लाल पुठ्ठ्याची. त्या एका पतसंस्थेत कॅशियर आहेत, त्यामुळे आकडे सुबक आणि कुठे खाडाखोड नाही. डावीकडे तारीख, मग तीन रकाने: सकाळ, संध्याकाळ, रात्र. तिन्हींत वजन, आणि शेजारी दिवसभराचं खाणं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत सात आठवडे, म्हणजे दीडशेच्या आसपास नोंदी. शेवटच्या काही पानांवर आकड्यांशेजारी शेरे सुरू झाले होते. "काल रात्री फक्त ताक." "आज ५ किमी!!" "का???" आणि एका पानाच्या तळाशी नुसतंच "जाऊ दे."

वही माझ्यासमोर सरकवून त्या म्हणाल्या, "मॅडम, पेपर रोज लिहितेय, निकालच लागत नाहीये."

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. वजन अडलेली माणसं माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. तरी ही एक केस सविस्तर लिहावीशी वाटली, कारण हिच्यात माझा स्वतःचा एक गाढवपणा आहे. आणि हिच्यानंतर मी अशा माणसांना विचारायचा पहिला प्रश्न बदलला. ताईंची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर. घर पर्वतीच्या पायथ्याजवळ. घरात चौघं: त्या, नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. वडिलांना मधुमेह होता. पायाची जखम चिघळून त्यांची दोन बोटं काढावी लागली होती. पाडव्याच्या आठवड्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा वजन ७९.२ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी रक्ततपासणी, ६.१. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या मधे असला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभं आहे असं समजतात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, ३२.५ आला, आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि बायकांची कंबर ८० च्या आत असावी म्हणतात. थायरॉईडची तपासणी ठीक, कुठलंही औषध चालू नाही. पाळी मात्र वर्षभरापासून मागेपुढे व्हायला लागलेली.

घरात तोवर दोन पक्ष पडलेच होते. नवरा दीक्षितांच्या बाजूचा, दिवसातून दोनदाच जेवायचं. नणंद दिवेकरांच्या बाजूची, दर दोन तासांनी थोडं थोडं. ताईंनी दोन्ही करून दोन्ही सोडलं होतं. मी त्यांना काही वेगळं अमृत दिलं नाही. दोन जेवणं, एक नाश्ता, संध्याकाळची चहा-खारी बंद, भाताच्या आधी उसळ आणि कोशिंबीर, सकाळी चार किलोमीटर चालणं. हिशेबाने दिवसाला साधारण १५०० कॅलरी.

जुलैअखेर वजन ७२.६. सोळा आठवड्यांत ६.६ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या आठ टक्क्यांहून थोडं जास्त. पाहुणे "वाळलीस गं" म्हणायला लागले. शिंप्याने चार ब्लाउज आत घेतले. आणि मग काटा बसला.

माझी चूक

ऑगस्टमध्ये ताईंचा फोन आला. दोन आठवडे वजन हललं नव्हतं. मी क्लिनिकमध्ये होते, समोर दुसरं कुणी बसलेलं होतं, आणि मी फोनवरच सांगून टाकलं, "संध्याकाळची भाकरी काढा, सूप घ्या. चालणं पाच किलोमीटर करा."

वही मागवली नाही. काय खाताय, किती झोपताय, काही विचारलं नाही. काटा अडला की अजून आवळायचं, हे आम्हा लोकांच्या हातात इतकं बसलेलं असतं की तोंडून आपोआप निघतं. ताईंचं खाणं साडेबाराशेवर आलं. त्या शिस्तीच्या, सोमवार ते शुक्रवार तंतोतंत पाळायच्या. पण शनिवारी संध्याकाळपर्यंत जीव कासावीस. मग मिसळ, मग पावभाजी, आणि एका शनिवारी मुलाबरोबर मस्तानी. "त्याच्यासाठी म्हणून गेले आणि त्याची अर्धी पण मीच संपवली," हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं, तेही खाली बघत. वहीत त्या शनिवारपुढे खाण्याची काहीच नोंद नव्हती. वजन मात्र तिन्ही वेळेस लिहिलेलं.

हिशेब मांडून बघा. पाच दिवस रोज पावणेचारशे-चारशे कॅलरींची तूट, म्हणजे आठवड्याला एकोणीसशेच्या आसपास. शनिवार-रविवार प्रत्येकी हजारभर जादा. वजाबाकी शून्यावर. पण ताईंच्या मनात पाच दिवसांचे हाल ठसलेले होते आणि दोन दिवसांची शरम. "मी एवढं करते तरी" हे वाक्य त्यातूनच आलेलं.

अडलं होतं हे खरं

पहिल्यांदा मी कॅल्क्युलेटर घेऊन त्यांच्यासमोर फक्त सकाळच्या आकड्यांची आठवड्याची सरासरी काढली. संध्याकाळचे आणि रात्रीचे रकाने पेनाने उभे कापले. रात्रीचं वजन हे जेवणाचं आणि पाण्याचं वजन असतं, त्यावरून चरबीचं काहीही कळत नाही.

सकाळचे आकडेसुद्धा एकाच आठवड्यात ७१.८ पासून ७३.७ पर्यंत नाचत होते. ते दोन किलो म्हणजे निव्वळ पाणी. लोणचं-पापड जास्त झालं की पाणी थांबतं, पाळीच्या आधी थांबतं. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसते. म्हणून भात-पोळी कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन धाडकन उतरतं आणि एका लग्नाच्या जेवणाने तेवढंच चढतं. पुष्कळांचं "अडलेलं" वजन मुळात अडलेलंच नसतं, पाण्याखाली उतरत असतं. अशा माणसाला मी चहा पाजून घरी पाठवते.

पण ताईंच्या सरासऱ्या आल्या ७२.७, ७२.५, ७२.८, ७२.६, ७२.७, ७२.५, ७२.६. सात आठवडे सरळ रेघ. म्हणजे काटा खरोखर बसला होता.

यात थोडा भाग शरीराचा. ७९ किलोचं शरीर आणि ७२ किलोचं शरीर यांचा खर्च सारखा नसतो. ताईंचं वय-उंची घालून नेहमीच्या सूत्राने काढलं तर दिवसाचा खर्च सुमारे १०० कॅलरींनी उतरलेला दिसतो. शरीर त्याच्यापुढे जाऊन आणखी थोडी काटकसर करतं, पण "चयापचय बंद पडलं" वगैरे जे बोललं जातं ते मला अतिशयोक्तीचं वाटतं. २०१६ साली अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास गाजला. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. तो अभ्यास खरा आहे, पण ती माणसं काही महिन्यांत पन्नास-साठ किलो उतरवलेली होती. सहकारी पतसंस्थेच्या काउंटरवर बसून साडेसहा किलो उतरवणाऱ्या बाईने त्याचा धसका घेऊ नये.

धसका घ्यायचाच तर भुकेचा घ्यावा. त्याच सुमारास निघालेला एक अंदाज असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे खर्च २०-३० कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. ताईंच्या बाबतीत साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे एप्रिलमध्ये जे ताट पुरायचं तेच सप्टेंबरमध्ये अर्धपोटी वाटणार, आणि ते वाटणं खोटं नाही. हे सांगितलं तेव्हा ताईंनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली. "म्हणजे मी हावरट झालेली नाही?"

नाही.

उरलेला हिशेब स्वयंपाकघरातला

ताईंनी ताटातलं सगळं लिहिलं होतं, प्रामाणिकपणे. पण ताटात येण्याआधी जे पोटात जातं ते वहीत येत नाही. भाजी परतताना तोंडात टाकलेले दाणे, चव बघायला म्हणून घेतलेला लाडवाचा तुकडा, मुलाने टाकलेला पोळीचा चतकोर. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये दहा जणांवर एक नेटका अभ्यास झाला होता. काही केलं तरी वजन उतरत नाही असं म्हणणारी माणसं. मोजून पाहिल्यावर त्यांनी खाणं ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितलेली निघाली. मी हा अभ्यास पेशंटना सहसा सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला खोटारडं म्हणताहेत. ताईंना सांगितला, कारण त्या कॅशियर आहेत. त्यांनी लगेच ओळखलं. "संध्याकाळी कॅश जुळत नाही तेव्हा चोरी क्वचितच असते. नोंद राहिलेली असते."

मग त्याच कामाला लागल्या. तेल कसं मोजायचं हा माझा नेहमीचा अडलेला प्रश्न. चमच्याने मोजून फोडणी कोण करतं? ताईंनी मार्ग काढला. किराणावाल्याला केलेल्या यूपीआयच्या नोंदी मोबाइलमध्ये होत्याच. पाच लिटरचा डबा एप्रिल-मेमध्ये ४५ दिवस पुरला होता, श्रावण-भाद्रपदात ३२ दिवस. चौघांत भागलं तर माणशी २८ मिलिलिटरवरून ३९ वर. ११ मिलिलिटर तेल म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे रोज ९० कॅलरी. आता यात गौरीच्या फराळाचं तळण आलं, पाहुणे आले, कढईतलं उरलेलं तेल आलं. हा काही प्रयोगशाळेतला आकडा नव्हे. पण डबा लवकर संपला हे कुणी नाकारू शकत नव्हतं. सासूबाईसुद्धा.

दुसरं, श्रावणी सोमवार. वहीत "सा. खिचडी, १ डिश" असं चार वेळा. मी म्हटलं, पुढच्या उपवासाला ती डिश काट्यावर ठेवून फोटो पाठवा. फोटो आला तो स्टीलच्या खोलगट ताटलीचा, वर दह्याची वाटी आणि बाजूला बटाट्याचा पापड. नुसती खिचडी ३४० ग्रॅम. त्यात सुमारे शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप धरलं तरी सहाशे कॅलरी सहज होतात. शिवाय संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय.

तिसरी गोष्ट मला मोबाइलमध्ये दिसली. सकाळचं चालणं वाढलेलं, तरी दिवसाची एकूण पावलं जूनपेक्षा सप्टेंबरमध्ये अडीच हजारांनी कमी. पाऊस म्हणून मंडईत जाणं बंद, भाजी अ‍ॅपवरून घरपोच. दुपारी काउंटर बंद झाल्यावर पूर्वी मैत्रिणीबरोबर चौकापर्यंत फेरी व्हायची, ती थांबली. का थांबली? "कंटाळा यायला लागला हो. बसावंसं वाटायचं." साडेबाराशेवर जगणारं शरीर असंच करतं, तुम्हाला न विचारता तुम्हाला खुर्चीत बसवतं. दीड किलोमीटरभर चालणं गेलं, ७०-८० कॅलरी वाचल्या.

एप्रिल ते जुलै रोजची तूट सरासरी साडेचारशेची होती. त्यात भाकरी काढून वाचलेले अडीचशे मिळवा, मग शरीराच्या बदलाचे १००, तेलाचे ९०, पावलांचे ७५ आणि उपवासाची खिचडी वजा करा, आणि उरलेल्यावर शनिवार-रविवार फिरवा. काटा बसला यात गूढ काहीच नव्हतं.

फॉर्म

गूढ नाही हे कळलं म्हणून हुरूप येत नाही. हिशेब जुळला, पण ताई तशाच बसून होत्या. "म्हणजे आता तेल कमी, शनिवार बंद, पाऊल वाढवा. आणि मग परत अडेल. मग परत काहीतरी बंद." मला उत्तर सुचेना, कारण त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं. पुढे पुन्हा अडणारच होतं.

गौरीजेवणाच्या दिवशी नणंदेने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझं थांबलंय वाटतं आता?" नवरा काही वाईट बोलला नव्हता, पण रोज सकाळी काट्याचा बीप ऐकून "काय म्हणतोय?" एवढं विचारायचा. तो काटा घरात मुकादम झाला होता. एप्रिल ते जुलै त्याने रोजची मजुरी चोख दिली. शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम. ऑगस्टपासून कामाला लावायचा, पण पैसे द्यायचा नाही. अशा मुकादमाकडे सात आठवडे कोण राबेल? आणि न राबणाऱ्याला आपण म्हणतो इच्छाशक्ती कमी. मला तर नवल वाटलं की बाई सात आठवडे टिकली.

मी विचारलं, "एप्रिलमध्ये तुम्ही कशासाठी आला होतात?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, जणू हा काय प्रश्न. "वजनासाठी."

मी कपाटातून फाइल काढली. पहिल्या भेटीत प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेते, त्यात एक ओळ असते, येण्याचं कारण. तिथे त्यांच्याच सुबक अक्षरात निळ्या शाईने लिहिलेलं होतं: "शुगर वाढू नये. बाबांसारखं नको." वजनाचा शब्दसुद्धा नव्हता. वजन मी आणलं होतं, पहिल्याच दिवशी त्यांना काट्यावर उभं करून.

"हे मी लिहिलंय?" त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या.

एचबीए१सीची तपासणी खरं तर जुलैतच व्हायला हवी होती. काट्याच्या नादात ती माझ्याकडूनही राहून गेली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. ५.८. कंबर मी स्वतः मोजली, बेंबीच्या रेषेत: ९२. आणि गंमत म्हणजे जुलैअखेर हीच कंबर ९३ होती. वजन सात आठवडे एका जागी, पण टेप एक सेंटिमीटर आत. एका सेंटिमीटरवर मी इमले बांधत नाही, मोजणाऱ्याचा हात एवढा इकडे-तिकडे होतोच. रिपोर्टही थोडा मागेपुढे होतो, पण आकडा खाली आला होता. मी फोनवर आकडा सांगितला तेव्हा पलीकडून पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग, "निकाल लागला की हो मॅडम."

त्याच फोनवर मी त्यांना चेन्नईच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ५३१ भारतीय माणसं, तीन वर्षं. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला फक्त नेहमीचा सल्ला मिळाला त्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं सुधारलं त्यांच्यात ३९.३ टक्के. धोका २८.५ टक्क्यांनी कमी. आणि या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं असं उतरलेलंच नव्हतं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन उतरवण्याचं लक्ष्य होतं आणि धोका ५८ टक्क्यांनी घटला होता, त्यामुळे वजन उतरवण्याला अर्थ नाही असं मुळीच नाही. पण ताईंनी ते सात टक्के केव्हाच ओलांडले होते, आणि काटा बसलेला असतानाही रोजचं चालणं वाया जात नव्हतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच.

दिवाळीपर्यंत उतरवायचं नाही

मी सांगितलं: दिवाळी होईपर्यंत वजन उतरवायचं नाही. राखायचं. ७२.६ च्या आगेमागे एक किलो. खाणं साडेसतराशेपर्यंत, संध्याकाळची भाकरी परत ताटात.

अशी विश्रांती घेतल्याने पुढे जास्त वजन उतरतं का, यावर एकवाक्यता नाही. २०१८ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ५१ लठ्ठ पुरुषांना दोन आठवडे डाएट, दोन आठवडे सुट्टी असं ठेवल्यावर सलग डाएटवाल्यांपेक्षा जास्त उतरलं. नंतरच्या काही अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही. मी ते चयापचयासाठी केलंच नव्हतं. नऊ दिवसांचे उपवास, पाठोपाठ दिवाळी. या दीड महिन्यात उतरवायला सांगितलं असतं तर ताई पुन्हा नापास झाल्या असत्या. राखायला सांगितलं तर पास व्हायची शक्यता होती, आणि त्यांना त्या घडीला कुठेतरी पास होणं गरजेचं होतं.

काटा मुलाच्या ताब्यात दिला. रोज वजन करण्याविरुद्ध माझं काही नाही, कितीतरी जणांना त्याचा फायदाच होतो. पण दिवसातून तीनदा करणाऱ्या बाईच्या हातून तो काढून घ्यावा लागतो. फक्त गुरुवारी सकाळी, ताई डोळे मिटून उभ्या राहणार, पोरगा वाचणार आणि आलेखाच्या कागदावर ठिपका देणार. कागद त्याच्या गणिताच्या वहीत. चार आठवडे आईला दाखवायचा नाही. त्याने हे काम इतकं मनावर घेतलं की नवऱ्याने विचारलं तेव्हा "गोपनीय आहे" म्हणाला.

मजुरी द्यायला दुसरं कुणीतरी हवं होतं. ते घरासमोरच होतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या. आठवड्यातून दोनदा चढायच्या आणि वहीत फक्त एवढंच लिहायचं की किती वेळा थांबावं लागलं. पहिल्या रविवारी दोनदा थांबल्या, दुसऱ्यांदा तर चक्क बसल्या. वही तीच, लाल पुठ्ठ्याची, पण रकाना नवा.

घरी आठवड्यातून दोन दिवस वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, आणि तेलाचा रिकामा डबा. पाण्याने भरला की पाच किलो. तो दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचा. ही कल्पना त्यांचीच. प्रथिनं दिवसाला बेचाळीस ग्रॅमच्या आसपास होती, ती साठवर नेली. त्यांच्या वजनाला शिफारसच तेवढी आहे. दुपारी डब्यात मटकीची नाहीतर मुगाची घट्ट उसळ, श्रावण संपल्यामुळे सकाळी दोन अंडी, रात्री दही. जादाची भूक काही प्रमाणात याने मरते, पूर्ण नाही. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं.

आणि नव्या डब्याच्या झाकणावर मार्करने तारीख.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नवरात्रात तिसऱ्या दिवशी खिचडीवर घसरल्या. भाऊबीजेनंतरच्या गुरुवारी पोराने ठिपका दिला ७३.३ वर आणि चेहरा पाडून बसला. आईने ते चेहऱ्यावरूनच ओळखलं. मला फोन. मी म्हटलं, चकली-चिवड्याचं मीठ आहे, पुढच्या गुरुवारी बघू. पुढच्या गुरुवारी ७२.७. तोपर्यंत चार आठवडे उलटून गेले होते, तेव्हा पोराने कागद उघडला. सहा ठिपके, जवळजवळ आडवी रेघ. सप्टेंबरमध्ये जी आडवी रेघ बघून ताई रडकुंडीला आल्या होत्या तीच आता फ्रिजवर चुंबकाने लावली गेली, कारण या वेळी ती त्यांनी ठरवून काढली होती.

पर्वती डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी न थांबता चढल्या. वहीत "०" लिहून त्याभोवती गोल.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पुन्हा हलकी तूट सुरू केली होती, रोज अडीचशेची. शनिवार बंद केला नाही; शनिवारी दुपारी मिसळ खायची, पण शुक्रवारी रात्री उपाशी झोपायचं नाही, एवढाच नियम. उपाशी न गेलेल्या माणसाला एक प्लेट पुरते. जानेवारीअखेर वजन ७०.४, कंबर ८८. ऐंशीच्या आत अजून नाही, आणि येईलच असं मी म्हटलेलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नणंदेने पुन्हा काहीतरी विचारलं. ताईंनी तिला पर्वतीवर यायचं आमंत्रण दिलं. ती अजून आलेली नाही.

ब्लाउजांचं एक राहिलं. शिंपी आत घेताना शिवणीत माया ठेवतो, पुढेमागे वजन वाढलं तर उसवता यावं म्हणून. जुलैत आत घेतलेल्या चारांतली माया ताईंनी मुद्दाम कापू दिली नव्हती. "मला माझाच भरवसा नव्हता." फेब्रुवारीत त्याच शिंप्याकडे दोन नवे शिवायला टाकले, तर तो म्हणाला माया नेहमीएवढीच ठेवतो. त्यांनी हो म्हटलं. मी विचारलं, का? "कापडाला लागतेच की."

मार्चमध्ये त्यांचा मेसेज आला. मी भेटीची वेळ द्यायला वही उघडली, पण त्यांनी वेळ मागितलेलीच नव्हती.

"मॅडम, पाच आठवडे झाले, ७०.२ वर बसलाय. डबा ४३ दिवस पुरला. पावलं बघितली, ठीक आहेत. शुगर एप्रिलमध्ये करायची ना? उद्या पर्वती."